उसवायचं ठरलेलं पुस्तक

हे तुम्ही कोणी खरं मानणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. मागच्या कार्यशाळेत सांगितलं, तर निम्म्या बाया चहा अर्धा टाकून उठून गेल्या. तुमचा चहा अजून गरम आहे आणि पुढचं सत्र सुरू व्हायला वेळ आहे, म्हणून सांगतो. चोरी झाली ती भरदिवसा, शाळांच्या ग्रंथपालांनी गच्च भरलेल्या इमारतीत. आणि ती शोधून काढली अशा माणसाने, ज्याला चोर सापडला काय न सापडला काय, काडीचंही सोयरसुतक नव्हतं.

तर ऐका.

जेवणाची सुट्टी संपली. मंडळी सभागृहात परतली. मधल्या टेबलावर पांढरी चादर होती, चादरीवर खळीची वाटी, ब्रश, सुया, दोरा, कटर. फक्त पुस्तक नव्हतं.

"पुस्तक कुठे गेलं?" सूचीसर ओरडले.

सूचीसर म्हणजे कार्यशाळा घेणारे. ते इतकं संथ बोलत, की सकाळच्या सत्रात भिंतीवरची पाल ऐकता ऐकता पेंगली आणि पट्कन खाली पडली. खोटं वाटतं? वाटू दे. पण त्या क्षणी मात्र सर चांगले तरतरीत झाले होते.

पुस्तक होतं मधमाश्यांच्या पोळ्यांवरचं. जाडजूड, एका शाळेच्या ग्रंथालयाचं. मुलांनी हाताळून हाताळून त्याच्या चिंध्या केल्या होत्या. त्या शाळेच्या ग्रंथपालबाईंनी ते घरी नेलं, पान न् पान पुन्हा शिवलं, वर खाकी कापडाची नवी बांधणी चढवली. आणि मग त्या बाई गेल्या. आजार लहानसा होता, पण गेल्या. पुस्तक घरीच राहिलं.

बाईंचे यजमान निवृत्त फौजदार. पुस्तक परत करायला म्हणून ते त्या दिवशी कार्यशाळेत आले. सरांनी त्यांना पहिल्या रांगेत बसवलं, आणि ते सुट्टी होईपर्यंत बसले ते बसलेच, कारण उठायचं म्हणजे काहीतरी ठरवावं लागतं. बायको गेल्यापासून त्यांच्या आत कापूस भरल्यासारखं झालं होतं. जेवणाला चव नाही, झोपेला खोली नाही, दुःख म्हणावं तर तेही नाही. कोणी काहीही विचारलं की म्हणायचे, "चालेल."

सरांनी पुस्तक उलटसुलट करून पाहिलं आणि खूश झाले. "वा! अशी शिवण आता कोणी घालत नाही. दुपारच्या सत्रात हे उसवून दाखवू. आतला टाका सगळ्यांना दिसेल. फौजदारसाहेब, चालेल ना?"

"चालेल."

"नका ना सर!" मागून एक मुलगी उठली. तिला सगळे नवी म्हणायचे, कारण बाईंच्या जागी त्या शाळेत तीच नव्याने लागली होती. "आमच्या शाळेचं पुस्तक आहे. मुलं रोज विचारतात."

"अगं, दोरा काढतोय, जीव नाही," सर म्हणाले. "बस खाली."

नवी बसली. तिची नेमणूक अजून पक्की नव्हती, आणि कार्यशाळेचा अहवाल सरांच्या हातून तिच्या मुख्याध्यापिकेकडे जाणार होता. हे तिलाही माहीत होतं, सरांनाही.

आता पुस्तक गायब होतं, आणि सगळ्यांच्या नजरा नवीकडे.

शोधाशोध सुरू झाली. पिशव्या उलट्या केल्या. पडदे झटकले. सभागृहाचं एक दार बाहेरच्या व्हरांड्यात उघडायचं आणि दुसरं शेजारच्या ग्रंथालयात. ग्रंथालयाला बाहेरचं दार होतं, पण त्याला कुलूप, आणि किल्ली सरांच्या खिशात. म्हणून मंडळी ग्रंथालयात घुसली. कपाटांच्या वर, कपाटांच्या खाली, पुस्तकांच्या रांगांच्या मागे हात घालून घालून धूळ काढली. तिथल्या प्रत्येक पुस्तकाला खाकी कागदाचं कव्हर. सगळीकडे खाकीच खाकी, जणू पोलीस भरती.

काही सापडलं नाही.

"साहेब, तुमचा तर हा धंदाच होता," सर फौजदारांना म्हणाले. "करा ना चौकशी."

"चालेल," फौजदार म्हणाले. सवयीने म्हणाले. पण एकदा म्हणाल्यावर प्रश्नही सवयीनेच आले.

"सुट्टीत मी व्हरांड्यातल्या बाकावर होतो. दारातून कोणी काही घेऊन गेलं नाही. आत कोण कोण होतं?"

तिघं होती. नवी, जिला सरांनी सामानापाशी बसवलं होतं. गोंदकाका, जे आयुष्यभर पुस्तकं चिकटवून चिकटवून बोटांनी कायमचे चिकट झाले होते. आणि मोठ्या बाई, सगळ्यांत ज्येष्ठ ग्रंथपाल, फौजदारांच्या बायकोची जुनी मैत्रीण.

"गोंदकाका, तुम्ही काय करत होतात?"

"झोपलो होतो."

"जेवण न करता?"

"सकाळच्या भाषणाचा अंमल उतरला नव्हता, साहेब."

मंडळी हसली. सर हसले नाहीत.

"पुस्तक हाताळलंत?"

"सुट्टीच्या आधी हाताळलं. टाका बघत होतो. वहिनींच्या हातासारखा हात नाही हो."

फौजदार नवीकडे वळले. "तू जागेवरून हललीस?"

"एकदाच. मोठ्या बाईंना जोराचा ठसका लागला. बाटलीत थेंब नव्हता, म्हणून खाली पाणी भरायला धावले."

"तुला जाताना मी पाहिलं. हातात फक्त बाटली होती. परत आलीस तेव्हा पुस्तक होतं टेबलावर?"

"बघितलं नाही. बाईंना पाणी पाजलं, पाठ चोळली... मग सगळे आलेच."

"बघितलं नाही!" सरांनी टाळी वाजवल्यासारखे हात आपटले. "राखायला बसवलं आणि बघितलं नाही! सकाळी विरोध कोणी केला होता? हिने. पुस्तक कोणाला हवं होतं? हिला. हे बघ मुली, आता काढून दिलंस तर ठीक. नाहीतर मला अहवालात लिहावं लागेल, आणि मग त्या खुर्चीवर पुढच्या महिन्यात दुसरी कोणी असेल."

"सर, मी नाही घेतलं हो." नवीच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "घरात मी एकटीच मिळवती आहे. मी असं कशाला करीन?"

मोठ्या बाई रुमालाची घडी घालत होत्या. घालायच्या, मोडायच्या, पुन्हा घालायच्या.

फौजदारांना नवीची दया आली नाही. सरांचा राग आला नाही. त्यांना फक्त एवढं दिसलं, की सगळ्यांनी पुस्तक लपवलेल्या जागी शोधलं होतं.

"एक सांगा," ते म्हणाले. "ग्रंथालयात रांगांच्या मागे बघितलंत. रांगांमध्ये बघितलंत का?"

"म्हणजे काय?" सर म्हणाले. "चोर काय पुस्तक रांगेत लावून ठेवेल?"

"दुसऱ्या चोराने नसतं ठेवलं. पण इथे तुम्ही सगळे ग्रंथपाल आहात."

मंडळी एकमेकांकडे पाहू लागली. फौजदार सरांकडे वळले.

"सकाळी याच पुस्तकावर तुम्ही एक खेळ घेतला होतात, सर. हे कुठल्या विषयात लावायचं?"

घेतला होता खरा, आणि त्यावर रण माजलं होतं. बहुतेकांनी सांगितलं, मधमाशी कीटक, म्हणून प्राण्यांत. नवी म्हणाली होती, मधमाश्या पाळतात, तो शेतीचा जोडधंदा, म्हणून शेतीत. गोंदकाका म्हणाले होते, "जिथे मावेल तिथे." आणि मोठ्या बाईंचं म्हणणं होतं, अर्धं पुस्तक पोळ्याच्या षटकोनांवर आहे, म्हणून भूमितीत. त्यावर सगळे इतके हसले, की बाईंनी रागाने पेनाचं टोपण चावलं.

फौजदार उठून ग्रंथालयात गेले. मागोमाग सगळी वरात. प्राण्यांचं कपाट पाहिलं, नाही. शेतीचं पाहिलं, नाही. सर म्हणाले, "बघा! उगाच..."

फौजदार भूमितीच्या कपाटापाशी थांबले. कागदी कव्हरांच्या रांगेत एक पाठ जराशी वेगळी होती. खाकीच, पण कापडाची. पुस्तक ताठ उभं होतं, लेखकाच्या आडनावाने जिथे यायला हवं अगदी तिथे, दोन्ही बाजूंच्या पुस्तकांशी कडा जुळवून.

त्यांनी ते बाहेर काढलं आणि बोलू लागले. आवाज रेल्वेची घोषणा करावी तसा, ना वर ना खाली.

"पुस्तक बाहेर गेलं नव्हतं, कारण दार माझ्यासमोर होतं. म्हणजे ते या दोन खोल्यांत. घेणाऱ्याकडे वेळ थोडा, नवी पाणी घेऊन येईपर्यंतचा. कपाटामागे फेकता आलं असतं. पण हात ग्रंथपालाचा. पुस्तक हातात आलं की तो त्याची जागा शोधतो. वाटेल तिथे कोंबणं त्याला जमतच नाही. आता जागा कुठली? नवीने ठेवलं असतं तर शेतीत सापडलं असतं. गोंदकाकांनी ठेवलं असतं तर आडवं कोंबलेलं आणि वर चिकट डाग असता. भूमितीत ठेवणारं इथे एकच माणूस आहे. त्याच माणसाला ठसका लागला, नवी खाली गेली आणि टेबलापाशी पहारा उरला नाही." ते वळले. "मोठ्या बाई, ठसका खरा होता का?"

मोठ्या बाईंनी रुमाल पर्समध्ये टाकला.

"नव्हता," त्या म्हणाल्या. "मीच घेतलं. आणि पुन्हा घेईन."

"तुम्ही?" सर म्हणाले. "अहो पण का?"

"का? तुम्ही कटर घेऊन बसला होतात म्हणून! ती आजारपणात उशीला टेकून हे शिवत होती. मी दोरा ओवून द्यायचे, तिला दिसायचं नाही नीट. तिच्या हातचे शेवटचे टाके हे. ते तुम्ही कापायचे, आणि ह्यांनी," त्यांनी फौजदारांकडे बोट केलं, "बायको जाऊन अजून वर्ष नाही झालं, ह्यांनी म्हणायचं चालेल!"

फौजदार हातातल्या पुस्तकाकडे पाहू लागले.

"मला वाटलं, संध्याकाळपर्यंत दुसरं पुस्तक उसवतील, मग गुपचूप काढून देईन," मोठ्या बाई नवीला म्हणाल्या. आवाज आता उतरला होता. "पोरी, तुझं नाव निघालं तेव्हाच बोलायला हवं होतं. जीभच उचलेना."

"माझी नोकरी जात होती, बाई," नवी म्हणाली. "तुम्ही समोर बसून रुमालाची घडी घालत होतात."

मोठ्या बाईंनी मान खाली घातली.

सर घसा खाकरून म्हणाले, "ठीक आहे. अहवालात यातलं काही येणार नाही. नवीचं काम उत्तम, असंच लिहीन. आता... साहेब, सत्र अर्धं राहिलंय. पुस्तक उसवायला घेऊ ना? चालेल ना?"

फौजदारांनी पुस्तकाची पाठ अंगठ्याने चाचपली.

"नाही चालणार," ते म्हणाले.

बस. एवढंच. त्यांनी पुस्तक नवीच्या हातात दिलं, शाळेचं पुस्तक शाळेला. नवीची नेमणूक पक्की झाली. आणि फौजदारांचं म्हणाल, तर त्यांना काही म्हणजे काही वाटलं नाही. डोळे कोरडे ठणठणीत. तसेच जिना उतरले, घरी गेले, जेवले आणि झोपले. पोलिसाचं काळीज, दगड नुसता!

दारात आजची कार्यशाळा घेणाऱ्या बाई उभ्या होत्या, सगळ्यांना आत बोलवायला आलेल्या. कधीपासून ऐकत होत्या कोण जाणे.

"साफ खोटं!" त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "पालीची थाप एक वेळ सोडून देते, फौजदार, पण ही नाही. जिना तुम्ही उतरलाच नाहीत. मधल्या पायरीवर बसून लहान मुलासारखे हुंदके देत होतात. मी तुमच्या शेजारी बसले होते. आणि पुस्तक माझ्या हातात दिलंत म्हणे! एक टोक माझ्या हातात होतं, दुसरं अंधार पडेपर्यंत तुम्ही सोडलं नाहीत."