गालिच्याभोवतीची मोकळी फरशी

पटलं तर पटलं, नाही तर सोडून द्या. पण खोटं म्हणू नका. हे माझ्या घरात घडलंय, माझ्या डोळ्यांदेखत.

आणि भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं ना, त्यांनी एकदा मे महिन्यात जळगावला राहून बघावं. भर दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. दारं बंद, खिडक्या बंद. घरात फक्त कूलरची घरघर.

माझी गोष्ट त्या वेळेची आहे. साल एकोणीसशे एक्क्याण्णव.

घरात आम्ही तिघं. मी, माझे मिस्टर जीवराम, आणि माझी नणंद बेबा. सासू-सासरे गेले तेव्हा बेबा परकर-पोलक्यात होती. म्हणायला नणंद, पण वाढवली मी लेकीसारखी. त्या उन्हाळ्यात तिचं रावेरच्या मुलाशी जमलं होतं. केळीच्या बागा असलेलं घर, माणसं शब्दाला जागणारी. हे एवढं लग्न सुखरूप पार पडू दे, दुसरं काही मी देवाकडे मागत नव्हते.

आता आमच्या ह्यांचं सांगते. ह्यांना जुन्या वस्तूंचं भारी वेड. अडकित्ते काय, कंदील काय, बंद पडलेली घड्याळं काय. जित्याची खोड, दुसरं काय!

साखरपुडा ठरला तसे म्हणाले, "रावेरची मंडळी येणार. दिवाणखान्यात काहीतरी भारदस्त पाहिजे." आणि मला घेऊन गेले धुळ्याला, हाशमभाईंकडे. हाशमभाई मोठ्या घरांतलं जुनं सामान घ्यायचे आणि विकायचे.

तिथे तो गालिचा होता. इराणी. हातानं विणलेला, आपल्या आजोबांच्या आधीचा.

हे लगेच गुडघ्यावर बसले. कोपरा उलटा केला. "बघ, मागूनसुद्धा नक्षी अशीच्या अशी दिसते. एकेक गाठ हातानं मारलीय." मग रुमाल ओला करून लाल भागावर घासला. रुमाल पांढराच राहिला. मग निळ्या रंगावर बोट ठेवलं. "इथं निळा जरा फिका झालाय ना? रंगवलेली लोकर संपली असणार, नवा रंग केला असणार. ही खरी खूण. मशीनला हे जमत नाही."

मी तोंड वाकडं केलं, पण खोटं कशाला बोलू? मलाही आवडला. पिकल्या डाळिंबासारखा लाल. हात एका बाजूनं फिरवला की लव उजळ दिसायची, उलटा फिरवला की गडद. मखमलीवर बोटानं नाव काढतो ना आपण, तसं.

पण एक गोष्ट माझ्या नजरेत आली.

हाशमभाईंच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्यांवर खुर्च्या, सतरंज्यांवर सतरंज्या. आणि ह्या गालिच्याच्या चारही बाजूंना मात्र... मोकळी फरशी. हातभर तरी. एक सुतळीसुद्धा तिथे पडलेली नव्हती.

मी विचारलं. हाशमभाई म्हणाले,

"भाभी, जिनके घर से उठाया ना, उनके यहाँ भी ऐसाच बिछा था. चारों बाजू खाली. बोले, इसको दूसरा कपडा लगने मत देना. क्यों, मेरे को नई मालूम. पर मैंने वैसाच रखा. तुम भी वैसाच रखो."

हे हसले. गालिचा टेम्पोत चढला.

घरी आणून आम्हीही तसाच अंथरला, मध्ये, एकटा. शहाबादी फरशीवर फार देखणा दिसायचा. जेवणं झाली की मी मऊ झाडूनं त्याची लव एका बाजूला बसवायची आणि आत जाऊन पडायची. हे त्यांच्या दुकानात असायचे. बेबा माझ्याशेजारी.

एका दुपारी पाणी प्यायला उठले. दिवाणखान्यात आले.

लवेवर पावलं होती...

अनवाणी. अरुंद. बोटं अगदी स्पष्ट.

मला वाटलं, बेबा उठली असेल. आत बघितलं. बेबा गाढ झोपलेली. आणि तिचा पाय चांगला ऐसपैस आहे, मी तिला त्यावरून चिडवायची.

दाराची कडी आतून लावलेली होती.

मी खाली वाकून नीट बघितलं. पावलं गालिच्याच्या मधूनच सुरू झाली होती. तिथून कडेपर्यंत. कडेला येऊन थांबलेली. मग वळून दुसऱ्या कडेला. तिथूनही परत. गोठ्यात कोंडलेलं वासरू फिरतं तशी.

कडेबाहेर मात्र एकही नाही.

रात्री ह्यांना सांगितलं. म्हणाले, "झोपेत तूच चालतेस. आणि मी घोरतो म्हणून मलाच बोल लावतेस."

मी म्हणाले, "परत देऊन या तो."

"साखरपुडा होऊ दे. मग बघू."

रोज दुपारी मी लव बसवायची. रोज उठून बघायची. रोज पावलं. पण कडेच्या आतच. शेवटी मनाशी म्हटलं, आहे ना आपल्या जागेवर? राहू दे बापडं. आपण त्याच्या वाटेला जायचं नाही.

साखरपुड्याचा दिवस उजाडला.

सकाळपासून मी चुलीपाशी. खापरावरचे मांडे आणि आमरस, पाहुण्यांना काय कमी पडू द्यायचं? बाहेरची मांडणी भागाबाई बघत होत्या. भागाबाई म्हणजे माझ्या चुलतसासूबाई, चाळीसगावकडच्या. त्यांच्या शब्दापुढे घरात कोणाचं चालायचं नाही.

हात पुसत बाहेर आले.

फरशी कुठे दिसतच नव्हती. दारापासून आतल्या खोलीपर्यंत सतरंज्या. एकीची कड दुसरीवर चढवलेली. आणि मधोमध गालिचा. त्याच्याही चारही कडांवर सतरंज्या...

"काकू, हे कोणी जोडलं?"

"मीच जोडं," भागाबाई म्हणाल्या. "कार्यमा फरशी उघडी ठेवतस का कोनी? बठ्ठं एक दिसाले पाहिजे."

चूक त्यांची नव्हती. आमच्याकडे कार्याला बिछायत अशीच घालतात, सगळी एकसंध. मी वाकून सतरंजी ओढणार, तेवढ्यात दारात गाडी वाजली. रावेरची मंडळी आली.

बेबा आतल्या खोलीतून आली. सतरंजीवरून चालत, अनवाणी. गालिच्यावर बसली. कुंकू लागलं, साडी दिली, पेढे वाटले. सगळं छान झालं. नवरा मुलगा चोरून बघत होता, आम्ही बायका हसत होतो. मग बेबा आली तशीच, अनवाणी, सतरंजीवरून आत गेली.

पाहुणे गेले. मी आधी सतरंज्या उचलल्या.

एवढी माणसं बसून गेलेली, तरी मला ती अरुंद पावलं ओळखू आली. सगळ्यांच्या खुणांवर उमटलेली होती. मधून निघून आतल्या खोलीच्या बाजूच्या कडेपर्यंत गेलेली.

ह्या वेळी ती वळली नव्हती.

सरळ बाहेर पडली होती... आणि सतरंजीला लव नसते. पुढे काय दिसणार?

दुसऱ्या दिवशी गालिचा कोरा. तिसऱ्या दिवशीही कोरा. हे खूश. "बघ, गेलं ना तुझं भूत?"

मीही सुटकेचा श्वास सोडला. बाई गं, किती वेडी मी.

कारण त्याच आठवड्यात बेबा जेवेनाशी झाली.

ताटावर बसायची, घास तोंडाशी न्यायची आणि खाली ठेवायची. भिंतीकडे तोंड करून झोपायची. मग एकदम उठून बसायची. हसरी पोर ती, गालांची हाडं दिसायला लागली.

"काय होतंय बेबा? मुलगा आवडला नाही का?"

"तसं नाही, वहिनी." तिचे डोळे भरले. "कोणीतरी उभं आहे गं. माझ्या अगदी तोंडासमोर. दिसत नाही. पण मी श्वास सोडला की... परत माझ्याच तोंडावर येतो."



डॉक्टर झाले, नजर काढून झाली. लग्न तोंडावर आलेलं. रावेरहून निरोपावर निरोप, मुलीची तब्येत कशी आहे? मला लग्नाचं राहिलं नव्हतं. मला माझी पोर जिवंत पाहिजे होती.

एका दुपारी मी गालिच्याची लव नीट बसवली. बेबाला म्हणाले, "ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चाल."

ती चालली. मी उजेडाच्या बाजूनं वाकून बघितलं.

तिची ऐसपैस पावलं. आणि तिच्या प्रत्येक पावलापुढे... ती अरुंद पावलं.

मागे नाही. पुढे.

आणि त्यांची बोटं बेबाकडे वळलेली होती.

म्हणजे ते तिच्याकडे तोंड करून, उलटं चालत होतं.

मी ह्यांना दुकानातून बोलावून घेतलं. ह्यांनी बघितलं. कपाळावरचा घाम पुसायचंही भान राहिलं नाही.

आदली सगळी रात्र मी विचार करत होते. ते गालिच्यावरून उतरलं कसं? सतरंजीवरून, बेबाच्या पायांच्या वाटेनं. एकदा पाय सापडल्यावर त्याला सतरंजीही लागत नव्हती. मग बेबाचे पाय खाली टेकलेच नाहीत तर? लग्नात मामा नाही का नवरीला उचलून बोहल्यावर नेत? तसंच गालिच्यावरून अलगद उचलायचं. ते मागे राहील.

"तुम्ही उचला तिला," मी म्हणाले.

ह्यांनी चपला काढल्या, गालिच्यावर गेले आणि बहिणीला लहान पोरीसारखं कडेवर घेतलं. मोठी पावलं टाकत थेट अंगणात, भर उन्हात.

बेबानं एकदम खोल श्वास घेतला. बुडता बुडता वर आल्यासारखा.

"दादा... गेलं रे. गेलं!"

आणि आम्ही तिघं त्या उन्हात उभं राहून रडलो. शेजारच्या लताबाई काय झालं म्हणून धावत आल्या. बेबा त्यांना म्हणते कशी, "काकू, कळण्याची भाकर आहे का हो? भूक लागलीय." माझ्या जिवात जीव आला.

संध्याकाळी गालिचा गुंडाळून धुळ्याला रवाना केला. हाशमभाईंनी तो लगेच ठेवून घेतला.

लग्न थाटात झालं. बेबा रावेरला नांदते, दोन मुलांची आई आहे, देवाच्या दयेनं सुखात आहे. तिला पुन्हा कधी काही झालं नाही.

पण बेबाची पाठवणी झाली ना, त्याच्या दुसऱ्या दिवशीची दुपार सांगते.

घर सुनं सुनं. मी स्वयंपाकघरात लग्नाची भांडी घासत बसले होते. हे बाहेरच्या खोलीत, कूलरसमोर पडलेले.

बाहेरून ह्यांचा आवाज आला. वैतागलेला.

"अगं सरक ना जरा. वारा अडतोय."

माझ्या हातातलं पातेलं तसंच राहिलं.

मला वाटलं कोणी आलं असेल.

"ऐकू येत नाही का? किती वेळ अशी तोंडासमोर उभी राहणार आहेस?"

मी दारातून डोकावले. खोलीत ह्यांच्याशिवाय कोणी नव्हतं. कूलर चालू होता. हे डोळे मिटून पडले होते. आणि त्यांच्या अंगावरचा सदरा जराही हलत नव्हता.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. बेबाला ह्यांनी उचललं. बेबाचे पाय टेकले नाहीत, खरंय.

पण गालिच्यावरून चालत बाहेर आले ते हे. अनवाणी.

मी ओरडलेच. हे दचकून उठले, माझ्याकडे बघितलं, मग आपल्यासमोरच्या रिकाम्या जागेकडे बघितलं. सगळं समजले. मी गालिचा परत आणायचा म्हणून धुळ्याला धावले, तर हाशमभाई म्हणाले, "भाभी, कलच गया. मुंबई का कोई पार्टी था." कोण, कुठला, काही पत्ता लागला नाही.

ह्यांचं जेवण तुटलं नाही. बेबासारखे खंगलेही नाहीत. का, ते मला माहीत नाही. बेबाला आम्ही काही कळू दिलं नाही. ह्यांनीच तशी शपथ घातली. "पोरगी सुटली ना? बस झालं," म्हणाले.

आता हे मला सरक म्हणत नाहीत. टीव्ही बघताना मान थोडी कलती करून बघतात, एवढंच.

आणि मी ह्यांच्यासमोर चहा ठेवायला जाते ना, तेव्हा बाजूनं वळसा घालून जाते.