शून्याच्या डावीकडे

दिवा राहू दे रे. मोठा करू नकोस, पण राहू दे.

आमच्या एका मीटरवाल्याची गोष्ट. वीज मोजणारी यंत्रं तपासण्यात त्याचा जन्म गेला. त्याचं स्वतःचं एक वॉटमीटर होतं, लाकडी पेटीतलं, शून्य मधोमध असलेलं. केसभर चुकायचं नाही. टॉवेलात गुंडाळून तान्ह्या पोरासारखं मांडीवर घेऊन बसायचा. त्याच्या बहिणीचा नवरा लाइनमन. तो चिडवायचा, "मेहुणेबुवा, घराला आग लागली तर आधी पेटी काढाल, मग बायको!"

"बायकोला पाय आहेत, दाजी."

गेल्या नोव्हेंबरातला दुसरा मंगळवार. रात्रीचे साडेनऊ. गल्लीच्या टोकाचं घर तीन वर्षं बंद, तरी मीटर फिरतंय, अशी मालकिणीची तक्रार. सकाळी भाडेकरू यायचे होते. दाजींनी गल्लीची वीज तोडली, फ्यूजच्या पेटीला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि दारासमोरच्या खांबावर जुनी तार बदलायला चढले. मीटरवाल्यानं आत, दाराशेजारच्या बोर्डाला आपलं वॉटमीटर जोडून ठेवलं. वीज आली की मोजू.

बॅटरीच्या उजेडात काटा शून्यावर. असायलाच हवा.

मग तो हलला.

डावीकडे.

उजवीकडे गेला तर वीज घरात येते. डावीकडे म्हणजे... घरातून बाहेर. खांबाकडे. रिकाम्या घरातून? त्यानं जोडणी पाहिली. बरोबर होती.

दारातून वर पाहिलं. टोपीवरच्या बॅटरीच्या उजेडात दाजींचा हात तारेकडे निघालेला. काटा आणखी डावीकडे. दाजींनी घाम पुसायला हात मागे घेतला. काटा परतला.

पुन्हा हात. पुन्हा काटा.

"दाजी, हात लावू नका!"

"का? बंद आहे ना?"

तो तोंड उघडणार, तोच मागच्या अंधाऱ्या खोलीतून आवाज आला. त्याचाच. तसाच घोगरा.

"बंद आहे, दाजी. लावा हात."

"नका! तो मी नाही!"

"लावा हो. गंमत केली..."

दाजी वरून हसले. "एक काय ते ठरवा की!" आणि हात पुढे केला.

ओरडून आता काय उपयोग? मीटरवाल्यानं वायरी ओरबाडल्या. वॉटमीटर उचललं. दारातून खांबाच्या बुंध्यावर भिरकावलं.

काचा...

मग काहीच नाही.

त्यानं पेटी फोडली म्हटल्यावर दाजींना कळलं, ही गंमत नाही. सरसर खाली आले. घरात बॅटरी मारायची छाती दोघांचीही झाली नाही.

खांबापाशी पेटीचे तुकडे. वायरी तुटलेल्या. कशाला काही जोडलेलं नाही. काटा मुकाट शून्यावर.

दाजी उचलायला वाकले. हात पुढे केला...

काटा डावीकडे सरकला.