भोंगा थांबला तेव्हा

पुसद : हिरवा. कळंब : हिरवा. फुलसावंगी : राखाडी.

"मैत्रेयीबाई, माह्या पोरानं माणूस नाही मारला."

रुखमाबाई वकील मैत्रेयीच्या दारातच उभी होती. तिचा मुलगा संघदीप फुलसावंगीच्या जिनिंगमध्ये, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, संगणक सांभाळायचा. परवा रात्री तिथं कापसाचा ढीग पेटला आणि चौकीदार भावसिंग जळून मेला. आगीचा भोंगा संगणकाला जोडलेला. तो वाजला आणि लगेच थांबला. पोलिसांच्या मते भोंग्याला कंटाळून संघदीपनंच संगणक बंद केला आणि तो घरी गेला. उद्या त्याला कोर्टात उभं करणार होते.

"तो बंद करून घरी येतो का?"

"कधीमधी. रात्री गाड्या येणार असल्या तं चालूच ठेवते. पण बंद केला की खोळ घालते. रुई उडते ना. मीच शिवून देल्ली, माह्या जुन्या लुगड्याची."

मैत्रेयीनं मोटारसायकलवर बसलेल्या आपल्या मदतनीस नयनला खूण केली.

*

फुलसावंगी.

कार्यालय वाचलं होतं. संगणकावर राखेचा थर होता. लुगड्याची खोळ भिंतीच्या खिळ्यावर टांगलेली.

भावसिंगची बायको रुपीबाई पायरीवर बसली होती.

"भोंगा वाजला तसे हे बाहेर पळाले. मंग थांबला. म्हणे, थांबला म्हंजे ठीक हाय, पाहून येतो."

मैत्रेयी तिच्याशेजारी पायरीवर टेकली.

"आग कुठून लागली, बाई?"

"कोणाले ठाऊक! सारा ढीग एकदमच भडकला."

*

यवतमाळ, मुख्य कचेरी. भिंतीवर मोठा पडदा.

पुसद : हिरवा. कळंब : राखाडी. फुलसावंगी : राखाडी.

नयन कोपऱ्यात फोनवर ओरडत होता. त्याचा भाऊ रामराव कळंबच्या जिनिंगमध्ये फिटर होता.

"भाऊ, मोठ्यानं बोल! मशीनच्या घरघरीत काहीच ऐकू नाही येऊन राह्यलं!" त्यानं फोन ठेवला. पडद्याकडे पाहिलं. "कळंबले काय झालं?"

"लाईट गेली असेल," तिन्ही जिनिंगचे मालक नानाजी म्हणाले.

पडदा सांभाळणारी सलोनी समजावू लागली. "तिन्ही गावचे संगणक इथून चालू-बंद होतात. हिरवा म्हणजे चालू, राखाडी म्हणजे बंद. ढिगात उष्णता मोजायच्या सळ्या खुपसल्यात. कोणती तापली ते फक्त इथं दिसतं. संगणक बंद झाला की पुसलं जातं, नंतर सापडत नाही."

"परवा इथं कोण होतं?"

"मी पुसदला साखरपुड्याला गेलते."

"कचेरीले कुलूप होतं," नानाजी म्हणाले. "मले तं माउसही धरता येत नाही, बाई. पोरानं भोंगा बंद केला, मागच्या भिंतीकडून ढीग पेटला. त्यात काय शोधता?"

मैत्रेयीनं खुर्ची ओढली.

"संघदीपनं बंद केला असता तर खोळ संगणकावर असती. ती खिळ्यावर होती. तो चालू ठेवून गेला होता. मग बंद झाला तो इथून."

"पण मी नव्हते—" सलोनी.

"तू नव्हतीस. रुपीबाई तिथंच होती, तरी ढीग कुठून पेटला ते तिला ठाऊक नाही. मागच्या भिंतीची सळई तापल्याचं फक्त या पडद्यानं सांगितलं, तेही बंद होण्याआधी. नानाजी, तुम्हाला कोणी सांगितलं?"



"भोंगा वाजला की मजूर पळतात, काम थांबते," नानाजी म्हणाले. "यंदा बोंडअळीनं कापूसच कमी, आला तो ओला. ओला कापूस तापतेच. दरवेळी थंड होते. मले काय माहीत भावसिंग पाहायले जाईल म्हणून."

"आणि संघदीप?"

नानाजींनी नजर पडद्याकडे वळवली.

मैत्रेयीची नजरही तिकडं गेली आणि राखाडी कळंबवर अडली. ती त्याकडेच पाहत राहिली.

"नयन, भाऊ काय म्हणत होता?"

"काय म्हणणार? मशीनचा एवढा आवाज..." नयनचं तोंड उघडंच राहिलं. लाईट गेली असती, तर मशीन कशी चालली असती?

"कळंबचा भोंगा कधी बंद केलात, नानाजी?"

"दुपारी, सलोनी जेवाले गेली तवा. सारखा कोकलत होता."

नयननं फोन लावला. "भाऊ! बाहेर निघ! साऱ्याइले बाहेर काढ!"

पलीकडं घरघर. "काय म्हणतं? ऐकू नाही येऊन राह्यलं!"

सलोनीनं झडप घालून कळंबचं बटण दाबलं.

पुसद : हिरवा. कळंब : राखाडी. राखाडी. राखाडी.

हिरवा.

फोनमधून भोंगा किंचाळला. खोलीतलं कोणी हललं नाही. फक्त नानाजींचा हात, सवयीनं, सरळ माउसकडे गेला.

मैत्रेयीनं त्यांचं मनगट धरलं आणि सोडलं नाही.