वाचणारीचा वाटा

पुस्तक प्रियदर्शनीच्या हातातून निसटलं आणि थेट शेजारच्या माणसाच्या चपलेवर पडलं.

बेंगळुरूत कोरमंगलाच्या दर्शिनीत, म्हणजे उभ्यानं खायच्या हॉटेलात, सकाळची ही गर्दी! उभ्या उभ्या कॉफी पिताना तिला वाटलं, आता हा 'सॉरी' म्हणून निघून जाईल. पण तो वाकला, पुस्तक उचललं, कपाळाला लावलं आणि पुटपुटला, "अरे देवा, पोथीला पाय लागला!"

पोथी! तिला ठसकाच लागला. पुस्तक होतं गिरणी संपाचं, लालभडक मुखपृष्ठाचं. आणि बाईसाहेब नोकरीला एका कंपनीच्या एचआरमध्ये. म्हणून वरून जुन्या कॅलेंडरमधल्या लक्ष्मीचं कव्हर घातलेलं.

"पोथी नव्हे हो... संपाचा इतिहास आहे," ती हळूच म्हणाली.

"मग? संपाचं झालं म्हणून पाय लावायचा का?" त्यानं डोळे बारीक केले. "पण संपकऱ्यांना लक्ष्मीच्या पदराआड लपवलंत... हे भारी हं!"

हा मकरंद. वडील सरकारी कारखान्यात इंजिनियर म्हणून बेंगळुरूला आले, तेव्हा तो जन्मलाही नव्हता. घरात मराठी, शाळेत कन्नड नि इंग्रजी. त्यामुळे बोलणं फर्डं, पण वाचताना जोडाक्षर आलं की गाडी अडायची.

"मला वाचून दाखवाल? स्वल्प... म्हणजे थोडंसंच... रविवारी, बागेत?"

ओळख ना पाळख, आणि मागणं बघा! पण त्या डोळ्यांत मिश्कील असं काही होतं, की ती 'बरं' म्हणून बसली.

वाचून दाखवणं तसं तिच्या अंगातच मुरलेलं. निपाणीला आई विड्या वळायची. दुपारी गल्लीतल्या बाया मांडीवर सुपं घेऊन ओळीनं बसायच्या आणि शाळेतून आलेली प्रिया त्यांना वाचून दाखवायची. कधी पेपर, कधी युनियनची पत्रकं, कधी लांबलांबच्या गिरण्यांतल्या संपांच्या गोष्टी. बोटं चालत राहायची, तंबाखूचा उग्र वास नाकात बसायचा. मोर्च्यावर लाठी चालल्याचं आलं की सगळ्या सुपांवरची बोटं थांबायची. मग उठताना प्रत्येक बाई आपल्या मूठभर विड्या प्रियाच्या आईच्या सुपात टाकायची. तो वाचणारीचा वाटा. कुणी विसरलं की चंद्राबाई सगळ्यांदेखत म्हणायची, "ऐकायला कान हाईत, द्यायला हात न्हाईत व्हय गं?"

पहिल्याच रविवारी तिनं हे मकरंदला सांगितलं. पुढच्या रविवारी पठ्ठ्या हातात मोठा डबा घेऊन हजर!

"हे काय?"

"अवरेकाई. म्हणजे आपले पावटे. आई म्हणाली, बागेतच बसायचंय तर सोलून आण. मीही आता कामगार. तू वाच."

अहो-जाहो कधी गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही. हिवाळ्याचं कोवळं ऊन, झाडाखालचा बाक... ती वाचायची, तो भिजवलेला दाणा चिमटीत दाबायचा. साल हातात, दाणा टुणकन डब्यात. कधी नेम चुकून पुस्तकावर.

"संपात दगडफेक नाही करायची!" ती दटावायची.

"मग तू वाचताना मध्येच माझ्याकडे बघत जाऊ नकोस. नेम चुकतो."

तिचे कान तापायचे. मग पुढची ओळ दोनदा वाचली जायची.

एकच गोष्ट तिला टोचायची. दर रविवारी हा सगळे दाणे घरी घेऊन जायचा. मूठभर काही तिच्या हातावर ठेवत नव्हता! एकदा तिनं टोमणा मारलाच, "वाचणारीचं शोषण चाललंय इथं."

"देऊ की... घाई काय आहे?" तो हसला. तिला मात्र मेलं ते हसणंही लागलं.

आणि अशातच पुण्याहून नोकरी चालून आली. चांगली, मोठी. सोमवारी उत्तर द्यायचं होतं, हे तिनं मकरंदलाही सांगून टाकलं. पुस्तकाचं एकच प्रकरण उरलं होतं. प्रियदर्शनीनं मनाशी ठरवलं, संपेपर्यंत हा काही बोलला तर राहायचं. नाही बोलला तर... आपलं प्रेम आपल्यापाशी.

शेवटचं पान आलं आणि तिनं ओळीवर बोट ठेवून पुस्तक अर्धवट मिटलं. मकरंदनं डबा तिच्या मांडीवर सरकवला आणि पुस्तक घेतलं.

"आज मी वाचतो. घरी सराव केलाय... हसायचं नाही."

तो वाचू लागला. गिरणीचे भोंगे, मागं न हटलेल्या बाया... अडखळत, जोडाक्षरावर घाम गाळत. तिची बोटं आपोआप दाणे सोलू लागली. एवढ्या वर्षांत तिनं किती जणांना वाचून दाखवलं असेल! तिला कुणी वाचून दाखवलं नव्हतं. डोळे भरून आले. पुस्तक मिटलं, तशी तिनं मूठभर दाणे त्याच्या हातावर ठेवले.

"वाचणाऱ्याचा वाटा," ती म्हणाली.

तो लाल झाला. "तुझा... तुझा वाटा आमच्या फ्रीजरमध्ये आहे."

"काय?"

"मला वाटलं, पुस्तक पुरं झाल्यावरच द्यायचा असतो! दर रविवारी बाजूला काढत गेलो. आता आईला बर्फ ठेवायला जागा नाही. म्हणाली, कुणाचं रे हे? म्हटलं, वाचणारीचं. तर म्हणते, मग त्या वाचणारीलाच घेऊन ये ना घरी!"

ती हसली, रडली, दोन्ही एकदमच.

"प्रिया, दाणे राहू देत... मला तू हवी आहेस. जाऊ नकोस."

"आणि पुण्याला काय कळवू?"

"कळव की... संपावर आहे म्हणून!"

यंदाही बाजारात अवरेकाई आलीय. लक्ष्मीचं ते कव्हर आता कोपऱ्यात फाटलंय. सासूबाई, म्हणजे विद्याताई, दर वर्षी फ्रीजर उघडून नव्यानं कुरकुरतात. आणि बाल्कनीत प्रियदर्शनी सूप मांडीवर घेऊन म्हणते, "हं, वाच. आज पाळी तुझी."