बंगळूर सातशे मैल

विमान कंपनीत पद्माकर गद्र्यांचं काम आकड्यांचं. दोन विमानतळांमधलं अंतर मोजायचं, वेळ काढायचा, त्यावरून पेट्रोल ठरवायचं. छप्पन साली बंगळूरहून कलकत्त्याला जाणाऱ्या मालाच्या विमानासाठी त्यांनी अंतर सागरी मैलांत मोजलं आणि वेग धरला जमिनीवरच्या मैलांत. सागरी मैल मोठा असतो. सहा तासांच्या वाटेला पाच तास तेरा मिनिटं निघाली. माल खच्चून भरलेला, म्हणून पेट्रोलही जेमतेम तेवढंच भरलं. विमान समुद्रात गेलं.

गद्र्यांनी हिशेबाचा कागद जाळला आणि वैमानिक हयवदनच्या माथी खापर फोडलं. पिऊन होता म्हणाले. मेलेला थोडाच उलटून बोलणार! त्याची बायको कस्तुराबाई दारात येऊन रडली, एकदा तरी खरं सांगा म्हणाली. गद्र्यांनी दार लावून घेतलं. त्यांना आईविना वाढवलेली मुलगी प्रतिमा होती, नोकरी होती, जयनगरचं नवं घर होतं.

वर्षभरानं एका दुपारी चार वाजता बिनतारी यंत्रावर बसणाऱ्या यल्लाप्पानं एक चिठ्ठी आणून दिली. बुडालेल्या विमानाचा क्रमांक, आणि खाली मजकूर: बंगळूर सातशे मैल, चार तास एकवीस मिनिटं.

"अण्णा, हे विमान बुडालंय नव्हं? मग बोलतंय कोण?"

कुणाची तरी चेष्टा, असं म्हणून गद्र्यांनी पेन्सिल घेतली. सातशे सागरी मैलांना बरोबर पाच तास लागतात. चार तास एकवीस मिनिटं यायला एकच चूक करावी लागते, आणि ती चूक त्यांच्याखेरीज कुणाला ठाऊक नव्हती. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

मग रोज चारला चिठ्ठी येऊ लागली. सहाशे. चारशे. नव्वद. वेळ दरवेळी त्याच चुकीनं काढलेला. गद्र्यांना रात्रंदिवस भीती वाटे, पण खरं बोलायला जीभ काही रेटली नाही.

ज्या दिवशी शून्य यायचं, त्या दिवशी ते धावपट्टीच्या कडेला जाऊन उभे राहिले. यायचं ते माझ्यावर येऊ दे, म्हणाले. चार वाजले. आभाळ निरभ्र होतं. काहीच उतरलं नाही. त्यांना हसू आलं.

मागून यल्लाप्पा पळत आला.

"विमानतळ ओलांडला म्हणतात, अण्णा. जयनगर पाच मैल. दोन मिनिटं."

गद्रे टॅक्सीनं घरी पोचले.

दार उघडंच होतं. प्रतिमा पिशवी भरून तयार होती.

"बाबा, कुणी काका न्यायला आलेत. बाहेर थांबलेत. कलकत्त्याला किती वेळ लागतो ते बाबांना विचार, म्हणाले. या खेपेला खरं सांगा म्हणावं."

बाहेर कुणीही नव्हतं.

"सहा तास," गद्रे म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले.

"सरी, बरं तर," प्रतिमा म्हणाली आणि निघाली. त्यांनी तिचा हात धरला. तो गार होता, आणि सुटला.

उंबऱ्यापाशी तिनं पायातल्या चपला काढून नीट जोडून ठेवल्या.

"असू देत इथंच," ती म्हणाली. "तिथं जमीन लागत नाही."