शेवटचा आकडा सात

खरं वाटो न वाटो, यात माझ्या पदरचं काही नाही. सोमवार होता. भर दुपारचे तीन. मामाच्या घरातली आतली खोली.

मामाला जाऊन चार महिने झाले होते. तो याच खोलीत गेला.

चार वाजता मामेबहिणीची कॉम्प्युटरवर मुलाखत होती. दोन वर्षं ती घरी बसून होती. आता सगळं घर तिच्यावरच येऊन पडलं होतं. ही नोकरी हातची जाऊन चालणार नव्हतं.

घरात चालू असलेले दोन कॉम्प्युटर, दोन्हींवर लिनक्स. नेट फक्त बाहेरच्या खोलीतल्याला. पण बाहेर मामीच्या शिलाई मशीनची खडखड, म्हणून मुलाखत आत. मी मधे केबल टाकून आतल्याला नेट दिलं. साइटचा नंबर टाकला की लागत होतं. साइटचं नाव टाकलं की... ढिम्म.

नावावरून नंबर शोधून देतो तो डीएनएस. ते काम मी बाहेरच्या कॉम्प्युटरला लावून दिलं होतं. आता त्याचा पत्ता, म्हणजे त्याचा नंबर, आतल्यात लिहायचा, बस. शेवटचा आकडा एक.

पण कीबोर्ड मामाचा होता.

शी! फटींमध्ये केस, कापलेली नखं, वाळलेलं पिवळट काहीतरी. बोटाला थुंकी लावून टाइप करायची घाणेरडी सवय होती त्याला. मी वर रुमाल पसरला आणि एका बोटाने अंदाजाने पत्ता दाबला.

"दादा, झालं का रे?"

"झालं. बस तू."

नावं धडाधड लागली. मुलाखत झाली. नोकरी तिथल्या तिथे पक्की!

आवरताना मी सहज पत्ता पाहिला...

शेवटी एक नव्हता. सात होता.

सात नंबरला कुणीच नव्हतं. केबलला टोकं दोनच. मग तासभर नावं शोधून देत कोण होतं?

मी सातला पिंग केलं, म्हणजे हाक मारून पाहिली.

उत्तर आलं... लगेच.

सात नंबर मीच दिला होता, कधीकाळी. मामाच्या जुन्या कॉम्प्युटरला. तो गॅलरीत पोत्यात पडून होता. मी पोतं उघडलं. आत झुरळं आणि आंबूस वास. एकही वायर नाही.

त्या कॉम्प्युटरचा पंखा मात्र... हळूहळू फिरत होता.

मी धावत आत आलो. रुमाल उचलला. एंटरच्या बटणापासून रुमालापर्यंत चिकट तार लोंबत होती.

सांगायला लाज वाटते. शेवटच्या आठवड्यात मामा याच खोलीतून मला हाका मारायचा. "अरे, जरा आत ये ना." मी बाहेर बसून ऐकायचो. किळस यायची. एकदाही ओ दिली नाही.

त्या दिवशी पत्ता दुरुस्त करायला बोट पुढे झालंच नाही. सात तसाच राहिला.

काल मामीचा फोन आला.

"नेट छान चालतंय हो. फक्त कीबोर्ड रोज सकाळी ओला असतो."

"मामी... तू हात लावतेस त्याला?"

"पुसते की. तेव्हाही त्यांचं तोंड मीच पुसायचे ना?"

फोन ठेवून मी साबणाने हात धुतले. तीनदा.

वास अजून जात नाहीये.