अठरा फेऱ्यांचं डिझेल

राजूरला चतुर्थीची गर्दी होती, एसटी अडकून पडली होती आणि चिन्मयीला पुढचा एक द्राक्षमळा दुपारच्या आत गाठायचा होता. शेवटी रिकाम्या क्रेटांनी भरलेल्या एका पिकअपला तिनं हात केला. बसल्या बसल्या विचारलं, "गाडी ॲव्हरेज किती देते?"

"बारा." चालवणारा हसला. "लोक आधी नाव इचारतात, मॅडम."

नाव कल्याण. मळा त्याचाच, त्या द्राक्षांची वाइनही त्याचीच. आणि चिन्मयी आली होती ती त्याच वाइनपायी हवेत किती कार्बन जातो ते मोजायला. पंपाची वीज, बाटलीची काच, गाडीचं डिझेल... सगळं धरायचं. बाटलीमागे आकडा दीड किलोच्या आत आला, तर पुण्याचं एक हॉटेल त्याच्या पहिल्या दोन हजार बाटल्या उचलणार होतं. नाही आला तर नाही.

कागद फोनवर पाठवले असते तरी चाललं असतं. कल्याण मात्र एकेक बिल घेऊन तिच्या जालन्याच्या ऑफिसात हजर.

"फोटो काढून पाठवायचा ना!"

"फोटोत अक्षर बराबर येत न्हाई."

"छापील आहे हे."

"मंग... शाई फिक्की येती."

तिला हसू यायचं. तो फिरकला नाही त्या आठवड्यात ती पिकअपच्या आवाजाकडे कान लावून बसायची, आणि स्वतःवरच चिडायची. तो तिला आवडायला लागला होता. तिच्या तक्त्यात याला रकाना नव्हता.

बेरीज झाली. एक किलो पाचशे साठ ग्रॅम. साठ ग्रॅम जास्त! तिनं डिझेलची वही पुन्हा चाळली. जालना आणि परत, अठरा वेळा. दुसऱ्या कुणी असल्या फेऱ्या लपवल्या असत्या. यानं तारखांसकट लिहिल्या होत्या. त्या वगळल्या तर बाटलीमागे एकशेवीस ग्रॅम कमी होत होते. पण आपल्या मनानं वगळणं तिला जमणारं नव्हतं.

एकोणिसाव्यांदा तो आला, तेव्हा तिनं वही पुढे सरकवली. "या फेऱ्या वाइनच्या कामाच्या असतील, तर धराव्याच लागतील आणि हॉटेल हातचं जाईल. नसतील, तर कारण लिहून सही करा. खरं कारण."

कल्याणनं पेन उघडलं. "खरं लिहिलं अन् तुम्ही चिडल्या तर?"

"खोटं लिहिलंत तर नक्की चिडेन."

त्यानं लिहिलं – 'या अठरा फेऱ्या वाइनसाठी नव्हत्या. चिन्मयी मॅडमला बघायला आल्तो.' खाली सही, तारीख.

तिचे कान तापले. "आता हे काम माझ्याकडे राहू शकत नाही, कळतंय ना? आमच्या वरिष्ठ मॅडम तपासतील. हे सगळं वाचतील त्या!"

"वाचू द्या." मग हळूच म्हणाला, "आज एसटीनं आलो. डिझेल न्हाई जाळलं."

चिन्मयीनं त्याच्या हातातलं पेन घेतलं. मळ्याच्या पाहणीला एक भेट पुरते. ती चारदा जाऊन आली होती. त्याच्या सहीखाली तिनं लिहिलं – 'माझ्या चारपैकी तीन भेटी: कारण वरीलप्रमाणे. फक्त नाव कल्याण.' आणि सही ठोकली.

त्यानं ते दोनदा वाचलं. "याची... झेरॉक्स मिळंल का?"

"फोटो काढ की," ती म्हणाली. "अक्षर बरोबर येतं."